सात बकऱ्या आणि एक छत्री

"सात बकऱ्या!" मेनहेल साहेब ओरडत होते. "एका इमारतीत सात बकऱ्या! सातही तपकिरी! सातही डाव्या कानाला फाटलेल्या! आणि सातही बकऱ्यांनी सात आजोबांच्या सात छत्र्या खाल्ल्या! मास्टर, मी या गावात पाच वर्षं आहे. या गावात मी छत्री पाहिलेली नाही! इथं छत्री उघडायला पाऊस लागतो, तोही मी पाहिलेला नाही!"

ओरडणं असं की खिडकीबाहेर वाळूत झोपलेला शाळेचा कुत्रा उठून बेरशेव्याच्या रस्त्याला लागला, तो रविवारपर्यंत परतला नाही. टेबलावर सात उत्तरपत्रिका पत्त्यांसारख्या मांडलेल्या होत्या. टेबलासमोर आम्ही सात पोरं उंचीप्रमाणे उभी, आणि आमच्या शेजारी माझे पप्पा. त्यांना गिरणीतून पाळी अर्धवट टाकून बोलावून आणलं होतं. भुवयांवर कापूस, मिशीवर कापूस, हात बांधलेले, चेहरा सिनागॉगमध्ये सेफेर, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढताना असतो तसा.

मेनहेल म्हणजे हिब्रूत हेडमास्तर. मागचं 'साहेब' आम्ही मुंबईहून सोबत आणून त्यांना चिकटवलं होतं. साहेब न म्हणता वरिष्ठाशी बोलायचं म्हणजे आमच्या मुंबई-ठाण्याच्या ज्यू लोकांना भर रस्त्यात धोतर सुटल्यासारखं वाटे. साहेब मूळचे रुमानियाचे, बुटके, लाल, आणि नेहमी कुठल्यातरी अहवालाच्या घाईत. मी त्या सातांतली सातवी. वय चौदा. घरी डॉली, शाळेच्या रजिस्टरात दालिया, कारण डॉली हे बाहुलीचं नाव आहे आणि देश उभारायला बाहुल्या उपयोगाच्या नाहीत असं पहिल्याच दिवशी आमच्या बाईंनी ठरवून टाकलं होतं. मला कुणी विचारलं नाही. त्या काळी कुणी कुणाला काही विचारतच नसे. आम्हाला या डिमोन्याच्या वाळवंटात सोडणाऱ्या ट्रकवाल्यानंसुद्धा रात्रभर "समुद्र जवळच आहे" असंच सांगितलं होतं.

सात बकऱ्या आल्या कुठून, ते सांगायचं तर आमच्या घरात यावं लागेल. ठाण्याला पप्पा सतरा वर्षं शाळामास्तर होते. इथं त्यांना सूतगिरणीत झाडू मिळाला. मशीनखालचा कापूस झाडायचा आणि उरलेला फुप्फुसात घेऊन घरी यायचं. घरी आले की अर्धा तास नुसते खोकत. तो खोकला इतका मोठा की खालच्या मजल्यावरचे लोक त्यावर घड्याळ लावत. खोकला संपला की तोंड धुऊन, धुतलेला सदरा घालून, ते पुन्हा मास्तर होत. बरोबर चार वाजता समोरच्या खोलीत सरकारी लोखंडी खाटांवर आमच्याच लोकांची सहा पोरं येऊन बसत. फी नाही. पोरांच्या आया फीऐवजी वांगी पाठवत, कारण त्या वाळवंटात बाकी काही उगवो न उगवो, वांगं उगवे. आईनं वांग्याचं भरीत केलं, भजी केली, लोणचं केलं, आणि एका शुक्रवारी वांग्याला मासा म्हणून कालवणातही घातलं. पप्पांनी काटे शोधत शोधत खाल्लं.

पप्पांचं हिब्रू सगळं प्रार्थनेच्या पुस्तकातलं. बाजारातलं हिब्रू त्यांना येत नसे. ते पावाच्या दुकानात जाऊन असं काही बोलत की दुकानदार टोपी चढवून "आमेन" म्हणे आणि पाव द्यायचा विसरे. याच हिब्रूत त्यांनी पोरांसाठी एक निबंध रचला. त्यांचं तत्त्व सोपं होतं: भाषा नवी असेल तर एक निबंध घट्ट पाठ करावा, मग जगातले सगळे विषय आपण होऊन त्याच्या दाराशी येतात. प्रवासाचा विषय आला, तर बकरी बघायला प्रवास करावा. सणाचा आला, तर सणाच्या दिवशी बकरीनं छत्री खावी. बकरी मात्र खरी होती. ठाण्याला आमच्या आजोबांची होती, आणि छत्रीही तिनं खरोखरच खाल्ली होती, दांड्यासकट. दांड्याचं मी आत्ता घातलं.

तर रोज चारला सहा आवाज एका सुरात सुरू होत: "आणि असे झाले की सकाळ झाली, आणि फाटक्या डाव्या कानाची तपकिरी बकरी उठली, आणि तिने आजोबांची छत्री पाहिली, आणि ती तिच्या दृष्टीस बरी दिसली, आणि तिने ती घेतली व खाल्ली. आणि आजोबा मोठ्याने रडले." पप्पा पेन्सिलीनं खाटेच्या लोखंडावर ताल धरत. टण् झालं की स्वल्पविराम, टण् टण् झालं की पूर्णविराम. शेजारची माझल मावशी मोरोक्कोची. तिला मराठी येत नसे, आम्हाला अरबी. पण महिन्याभरात तिला बकरी पाठ झाली, आणि नवऱ्याशी भांडताना ती "आणि असे झाले की" इथूनच सुरुवात करू लागली. नवरा बिचारा "आणि आजोबा मोठ्याने रडले" म्हणून शरण जाई.

मी कुठे होते? मी स्वयंपाकघरात होते. मास्तरांची मुलगी, तिला काय शिकवायचं, ती तर ऐकून ऐकूनच शिकेल, असा पप्पांचा समज. चहा माझ्याकडे होता. चहाच्या पातेल्याआड मुंबईहून मामीनं पाठवलेलं सिनेमाचं मासिक होतं, आणि चपातीला मार्गरीन आणि वर साखर लावून मी त्यातल्या नट्यांची लफडी तोंडपाठ करत होते. बकरीची कथा मला मराठीत अथपासून इतिपर्यंत ठाऊक. हिब्रूत मात्र ती छत्रीपर्यंत येई आणि तिथं बसकण मारी.

पप्पांचं आणखी एक तत्त्व होतं, आणि ते या हकिकतीला फार नडलं. ते म्हणत, "कॉपी करणारा भुकेला असतो. पण सांगून देणारा? तो चोराच्या हातात घराची किल्ली देतो. पहिल्याला मी छडी मारीन. दुसऱ्याला माझ्या उंबऱ्यात उभा करणार नाही." ठाण्याला परीक्षा चालू असताना एका मोठ्या साहेबांनी आपल्या भाच्याला खिडकीतून बोटांनी उत्तरं दाखवली, तर पप्पांनी खिडकी लावून घेतली. साहेबांची बोटं त्यात होती असं मी लोकांना सांगते. आई म्हणते, नव्हती.

त्रेसष्ट साल असावं. वरून कुठून तरी एक परिपत्रक आलं आणि शाळेत 'सचोटी सप्ताह' सुरू झाला. रविवार ते गुरुवार. शुक्रवारी शाळा अर्धाच दिवस, म्हणून त्या दिवसाला सचोटी माफ होती. भिंतींवर तक्ते लागले. तक्त्यांवरची वाक्यं मेनहेल साहेबांनी परिपत्रकातून शब्दन् शब्द उतरवून घेतली होती, खालचा जावक क्रमांकसुद्धा. पहिल्या दिवशी बाईंनी फळ्यावर शपथ लिहिली: 'मी जे लिहीन ते माझ्या स्वतःच्या डोक्यातून लिहीन, दुसऱ्याचे पाहून लिहिणार नाही.' आणि सांगितलं, ही फळ्यावर पाहून वहीत वीस वेळा उतरवा. आमच्यातला शिमशोन, इमारतीतला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात भोळा मुलगा, त्यानं ती मनावर घेतली. त्यानं फळ्याकडे पाठ केली आणि शपथ स्वतःच्या डोक्यातून, स्वतःच्या शब्दांत लिहिली. त्याला उभं केलं, आणि आणखी वीस वेळा फळ्यावरची उतरवायला लावली. दरवाज्यापाशी लोणच्याचा रिकामा डबा ठेवला होता. कुणी कॉपी करताना दिसला तर त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं. तीन दिवसांत डबा भरला. उघडला तर सगळ्या चिठ्ठ्यांवर मेनहेल साहेबांचंच नाव निघालं, आणि अक्षर चाळीस पोरांचं. मग डबा लोणच्याकडे परत गेला.

त्याच सप्ताहात, बुधवारी, आठवीची निबंधाची परीक्षा होती. ही साधी परीक्षा नव्हे. हिच्यावरून शाळेतून पाच नावं बेरशेव्याच्या हायस्कूलला जायची. बाकीच्या मुलांना वर्कशॉप, बाकीच्या मुलींना शिवणवर्ग. शिवणवर्गाबद्दल माझं काही वाईट मत नाही. पण माझ्या हातून सुई जिथं गेली तिथं रक्त निघालं आहे. आईनं तर आमच्या एलियाहू हानाबी संदेष्ट्याला नवस बोलून ठेवला होता: डॉलीचं नाव बेरशेव्याला लागलं की मलिदा करीन. मलिद्याला पोहे लागतात. पोहे त्या वाळवंटात सोन्याच्या भावानंही मिळत नसत. मुंबईहून पार्सलात आलेले दोन शेर पोहे आईनं माझ्या भविष्यासाठी कपाटात, साड्यांच्या खाली, कुलपात ठेवले होते.

विषय आला: 'आमच्या गावातली एक सकाळ.' सहा पोरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सकाळ होती, म्हणजे बकरी उठणारच. सहा लेखण्या एकदम चालू झाल्या. मी 'आणि तिने आजोबांची छत्री पाहिली' इथवर पोचले आणि माझी बकरी थांबली. पुढे काय, तर सिनेमाची नटी. पुढच्या बाकावर शिमशोन. पाठ रुंद, पण अक्षर पाठीहून रुंद. मी त्याच्या सदऱ्याला हलकेच ओढलं, तो भोळेपणानं डावीकडे सरकला, आणि पुढचं सगळं मी मक्षिकास्थाने मक्षिका उतरवलं. त्याच्या कागदावर खरोखरच एक माशी मेली होती. मी तिच्या जागी टिंब दिलं.

पुढे मी स्वतः तीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि परीक्षेच्या खोलीत माझ्याइतकी डोळस बाई साऱ्या नेगेवच्या वाळवंटात नव्हती. लोक म्हणत, हिला डोक्याच्या मागे डोळे आहेत. मागे कशाला लागतात? कुठलं पोर कधी कुणाचा सदरा ओढणार, हे मला आधीच ठाऊक असे.

आता पुन्हा गुरुवारी, मेनहेल साहेबांच्या खोलीत. साहेब ओरडून थकले आणि घटाघटा सोडा प्यायले. सप्ताह त्याच दिवशी संपत होता. दुपारच्या बसनं अहवाल पाठवायचा होता, आणि नेमक्या सचोटी सप्ताहात सात कॉप्या! "एकानं लिहिलं, सहांनी पाहिलं," ते म्हणाले. "कोण तो एक, ते सांगा. बाकी सहांना शून्य."

पप्पा एक पाऊल पुढे आले. "हे हाकिमा," ते आपल्या संदेष्ट्यांच्या हिब्रूत म्हणाले, "माझ्या मुखातील शब्द ऐका. तो एक मी आहे."

"तुम्ही परीक्षेला बसला होतात?"

"निबंध माझा आहे. मी शिकवला, यांनी पाठ केला. आमच्याकडे यालाच अभ्यास म्हणतात."

"आमच्याकडे याला कॉपी म्हणतात! मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहायचं असतं!"

"साहेब," पप्पा म्हणाले, आणि इथं त्यांचं पुस्तकी हिब्रू संपून साधंच काहीतरी बाहेर आलं, "दीड वर्षात स्वतःचे शब्द कुठून आणायचे? आधी उसने घेतात. मग ते जिभेवर झिजून आपले होतात. तुमचे रुमानियाहून आणले होते का?"

साहेबांनी सोडा खाली ठेवला. त्यांचंही हिब्रू जिथं अडखळे तिथं रुमानियन शिवी येई, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. आवाज उतरवून ते म्हणाले, "पाठ आहे म्हणता, तर म्हणून दाखवू द्या. एकेकानं. एक शब्द चुकला तर तो कॉपीवाला."

"चालेल," पप्पा म्हणाले. "आणि ऐका. माझ्या वर्गातल्या एकाही मुलानं दुसऱ्याचं पाहिलेलं नाही. सेफेरची शपथ." आणि त्यांनी हात वर केला. बाहीतून कापूस उडाला.

माझ्या बापानं आयुष्यात शपथ घेतलेली मी पाहिली नव्हती. ते म्हणत, शपथ म्हणजे देवाला साक्षीला ओढणं, त्याला दुसरी कामं आहेत.

पहिला मुलगा टणटणत गेला. दुसरी मुलगी त्याहून वेगात. शिमशोन तर असा सुटला की साहेबांना "पुरे, पुरे" म्हणून टेबलावर हात आपटावा लागला. एक, दोन, सहा. सहा वेळा बकरी उठली, सहा वेळा आजोबा रडले. साहेब आता निबंधाबरोबर ओठ हलवू लागले होते. मग त्यांनी बोट माझ्याकडे केलं.

"आणि असे झाले की सकाळ झाली," मी म्हटलं. "आणि फाटक्या डाव्या कानाची तपकिरी बकरी उठली. आणि तिने आजोबांची छत्री पाहिली." आणि थांबले. खोलीत पंखा गरगरत होता. शिमशोन आपल्या चपलेकडे बघत होता. त्याला सदरा ओढल्याचं आठवलं होतं. मला समोर शिवणवर्ग दिसला, त्यात एक मोठी सुई, आणि सुईमागे साड्यांखाली ठेवलेले आईचे दोन शेर पोहे. मी पप्पांकडे पाहिलं.

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. शिक्षकाला हे कळायला एक क्षण लागतो, बापाला त्याच्याही आत. त्यांना खोकला आला, पण तो गिरणीचा खोकला नव्हता, त्यात कापूसच नव्हता. साहेबांनी काळजीनं त्यांच्याकडे सोडा सरकवला आणि ते वाकून पेला शोधू लागले. आणि साहेब वाकलेले असताना, माझा बाप, ठाण्याला सतरा वर्षं मास्तर राहिलेला, खिडकीत बोटं दिसली म्हणून खिडकी लावणारा माणूस, त्यानं डोळे गोल केले, मान तिरकी केली, आणि बघून आवडल्यासारखं डोकं हलवलं. मग दोन्ही हातांनी काहीतरी ओढून घेतलं. मग जबडा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत शांतपणे चावायला लागला. मिशीवरचा कापूस जबड्याबरोबर हलत होता. मी पुढे कितीतरी बकऱ्या पाहिल्या. इतकी खरी बकरी पुन्हा पाहिली नाही.

"आणि ती तिच्या दृष्टीस बरी दिसली!" मी ओरडले. "आणि तिने ती घेतली व खाल्ली!" साहेब पेला घेऊन वर आले तोवर पप्पा दोन्ही मुठी डोळ्यांवर धरून उभे होते. "आणि आजोबा मोठ्याने रडले!"

"रडू नका, मास्टर," साहेब म्हणाले, आणि त्यांचा स्वतःचा आवाज भरून आला. "मुलं प्रामाणिक आहेत. मी अहवालात लिहितो." आणि खरोखर आमच्यासमोर, टाक बुडवून, त्यांनी लिहिलं: सप्ताहात कॉपीचे एकही प्रकरण आढळले नाही. गुण आहेत तसे राहिले, आणि माझं अक्षर बरं म्हणून बेरशेव्याच्या पाच नावांत माझंही नाव लागलं. दुपारच्या बसनं अहवाल गेला.

घरापर्यंतची वाट साधारण दहा मिनिटांची. त्या दिवशी ती मोशेनं इजिप्तहून येताना चालली त्याच्याहून लांब झाली. पप्पा माझ्या चार पावलं पुढे चालत राहिले. घरात आधीच बातमी पोचली होती. आईनं कपाट उघडून पोहे भिजवले होते, त्यात साखर, वेलची आणि पाकिटातला खोबऱ्याचा कीस घातला होता, आणि कुठून कुठून मिळवलेली फळं वर रचून मोठं ताट स्वच्छ रुमालाखाली ठेवलं होतं. माझल मावशी दारात टाळ्या वाजवत उभी. मलिद्याचं असं असतं की त्यावर बेराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, म्हटल्याशिवाय कुणी त्याला हात लावायचा नसतो. घरातल्या कर्त्यानं म्हणायचा आणि बाकीच्यांनी आमेन.

"म्हणा ना हो," आई म्हणाली. "पोहे कोरडे होतील."

पप्पा ताटासमोर उभे राहिले. टोपी नीट केली. तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाले, "माझ्यानं नाही म्हणवत."

"का? गळा बसला?"

"गळा बरा आहे. देवाचं नाव घेऊन आज मी दुसऱ्यांदा तोंड उघडायचं म्हणतेस? एकदा उघडलं आज. पुरे."

"अहो, नाव लागलं ना पोरीचं! नवस माझा आहे, एलियाहू हानाबी माझं ऐकतो. तुम्ही नुसतं म्हणा!"

"तिला विचार," पप्पा म्हणाले, आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

आईनं मला विचारलं. मी सांगितलं. रडत, चुकत, सिनेमाच्या मासिकासकट सगळं. मी थप्पडीची वाट पाहत होते. आई रुमाल चारी बाजूंनी नीट खोचून म्हणाली, "आणि तो तुझा बाप, बकरी झाला? त्या साहेबासमोर?" आणि तिला हसू आलं की रडू, ते मला आजवर समजलेलं नाही. माझ्या नातवाला ही गोष्ट सांगते तेव्हा तो मधेच हिब्रूत विचारतो, "साव्ता, तुझं खरं त्यातलं किती?" मी सांगते, ते ताट खरं. शुक्रवार गेला, शनिवारचा शब्बाथ गेला. ताट खोलीच्या मधोमध तसंच झाकलेलं. आम्ही त्याला वळसा घालून चालायचो. पोहे आंबले, केळी काळी पडली, आणि त्यांच्या गोड वासात आम्ही तिघं शब्बाथची वांगी गिळत होतो.

शनिवारी संध्याकाळी पप्पांनी मला खाटेवर समोर बसवलं, पेन्सिल घेतली, आणि टण्, टण् करत बकरी शेवटपर्यंत पाठ करून घेतली. एकदा नाही, सात वेळा. मग म्हणाले, "आता ती तुझी झाली. उद्या तुझं लागलेलं नाव परत करायला जाऊ."

रविवारी सकाळी त्यांनी पाळीला जायच्या आधी धुतलेला सदरा घातला. शाळेत पोचलो तेव्हा मेनहेल साहेब स्टुलावर चढून भिंतीवरचे तक्ते काढत होते. तोंडात खिळे. खाली कुत्रा परत येऊन बसलेला. पप्पा दारात उभे राहिले आणि या वेळी संदेष्ट्यांची भाषा न वापरता, पाव मागावा तसं बोलले.

"साहेब, बुधवारी माझ्या मुलीनं कॉपी केली. गुरुवारी मी तिला तुमच्यासमोर सांगून दिलं. तुम्ही पेला शोधत होतात तेव्हा. शपथ माझी खोटी होती. तिचं नाव काढा. मला काय करायचं ते तुम्ही ठरवा. बाकी सहा पोरं निर्दोष आहेत, त्यांना हात लावू नका."

मीही बोलले. पाठ केल्यासारखं नाही. शब्द मोडके होते, पण तेवढे माझे होते.

साहेब स्टुलावर तसेच उभे राहिले. त्यांनी आधी पप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हातातल्या तक्त्याकडे. तोंडातून एकेक खिळा काढून खिशात टाकला. मग तक्त्याची घट्ट गुंडाळी केली, तिला दोरी बांधली, आणि म्हणाले,

"मास्टर, सचोटी सप्ताह गुरुवारी संपला."